ओव्याचं अर्धं पान

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत शंभर पिशव्या कोंबलेल्या आहेत ना, तसे ते साचत जातात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! ऑफिसात चहाच्या वेळी मी नुसतं "काल घरी..." म्हटलं की सगळे खुर्च्या ओढून बसतात. "मॅडम, सँडविचचा सांगा! तो रेग्युलेटरचा सांगा!" मी सांगते, ते हसतात, मीही हसते. पण घडत होतं तेव्हा माझी पाचावर धारण बसलेली होती, हे कोणाला खरं वाटत नाही.

मी मंदा. तलासरीत राहते, इथल्याच एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. स्वभाव काळजीचा. घराला कुलूप लावून मी रस्त्यापर्यंत जाते आणि कुलूप ओढून बघायला परत येते, यावरून काय ते ओळखा. आमचे हे जहाजावर कुक आहेत. आठ-नऊ महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. गल्लीत त्यांना सगळे कुकसाहेब म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. मुलगी ऋतू अकरावीत. शेजारी जयाबेन. घरापुढच्या ओट्यावरचा झोपाळा आमचा आहे, पण संध्याकाळी त्यावर बसायचा हक्क जयाबेनचा!

*

कुकसाहेब घरी असले की संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा. मी साडेसहाला दमून येते, ऋतू क्लासवरून येते, आणि घरात ग्रीक सँडविचचा वास सुटलेला असतो. सोमवार-गुरुवार आमच्याकडे चिकन चालत नाही, म्हणून मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार हे सँडविचचे वार.

एका जहाजावर म्हातारा ग्रीक इंजिनियर होता, त्याने हे शिकवलं. चिकनचे पातळ तुकडे लिंबू, लसूण आणि मिरपुडीत मुरवायचे, तव्यावर खरपूस करायचे. त्यांच्याकडचा तो सुगंधी पाला इथे कुठे मिळणार? म्हणून कुंडीतल्या ओव्याचं पान, बारीक चिरून. एका सँडविचला अर्धं पान, जास्त नाही! त्यांच्या खारट चीजऐवजी डहाणूला एका पारशी बाईंकडे मिळतं ते टोपलीतलं खारवलेलं पनीर. वर साधं चीज किसून. काकडी, दही, लसणाची घट्ट कोशिंबीर. हे सगळं जाड रोटीत भरून पुन्हा तव्यावर ठेवायचं, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा.

"पप्पा, ग्रीसमध्ये वरवंटा असतो का?" ऋतूने विचारलं.

"नसतो. म्हणून त्यांचं सँडविच फुगतं!"

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर धोडीभाऊ बसतात. झरीचे, घरची भातशेती. एका बुधवारी त्यांना जेवायला बोलावलं. सगळ्यांना आवडेल ना, जड होणार नाही ना, माझी नेहमीची घालमेल चालू. त्यांनी तीन सँडविचं खाल्ली, बोटं चाटली, हात धुऊन आले आणि पुन्हा ताटासमोर मांडी घालून बसले.

"मॅडम, नाश्ता एक नंबर! आता जेवायला वाढा."

तेव्हापासून सँडविचच्या दिवशीही मी कुकर लावते.

*

कुकसाहेबांच्या नाकाचं काय सांगू! फाटकातून आत पाय टाकायच्या आधी ओरडायचे, "मंदा, डाळ खाली लागली!" जयाबेनच्या घरी उंधियु शिजत असला की भिंतीपलीकडून सांगायचे, "जयाबेन, ओवा विसरलात." जयाबेन तोंड वाकडं करून आत जायच्या आणि डबा उघडून गुपचूप ओवा घालायच्या.

जिभेचं तर बोलायलाच नको. माझ्या आमटीला म्हणाले होते, "यात डाळ पोहायला शिकतेय का?" पाहुण्यांसमोर! एकोणीस वर्षं मी देवाकडे एकच मागत होते. या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'छान झालंय' निघू दे.

या वेळी ते दिवाळीनंतर घरी आले आणि पौषात तापाने आठ दिवस झोपले. उठल्यावर मी खिचडी केली. धांदलीत ती खालून चांगली करपली. मी मान खाली घालून वाढली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाले, "छान झालंय."

मला इतका आनंद झाला! धावत जाऊन जयाबेनना सांगितलं. त्यांचा झोपाळा जागच्या जागी थांबला.

"अरे बाप रे, मंदाबेन! एने डॉक्टरने बतावो, जल्दी!"

*

मी काही मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण आनंद सोडवत नव्हता. पुढे आठवडाभर "छान झालंय"चा पाऊस. पण सँडविच दिवसेंदिवस आंबट आणि तिखट होत चाललं. ऋतू पाणी पीत पीत खायची.

मग पनीर आणायला आम्ही दोघं डहाणूला गेलो. रिक्षा किनाऱ्याच्या बाजूने चालली होती. दोन्हीकडे काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, खाली मासळी पसरलेली. ऊन कडक, वारा आमच्याकडे. रिक्षावाला रोज तिथून जाणारा, पण त्यानेही नाकाला रुमाल लावला. मी पदर लावला. याच रस्त्यावर कुकसाहेब पूर्वी डोळे मिटून सांगायचे, "आज बोंबील कमी, मांदेली जास्त आहे."

त्या दिवशी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "काय हवा आहे! एकदम फ्रेश!"

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी हसायला गेले आणि हसूच येईना. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अहो, तुम्हाला वास येत नाही का?"

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "ताप आल्यापासून नाही. तिखट, मीठ, आंबट, गोड एवढंच कळतं. बाकी सगळं कागद खाल्ल्यासारखं. ऋतूला सांगू नकोस."

परत येताना पनीरची टोपली मी मांडीवर धरून बसले होते. ती त्यांनी एकदाही नाकाजवळ नेली नाही.

*

आता मला सांगा, ज्या घरात काळजी करणारी बाई आहे आणि गॅसचा वास न येणारा माणूस आहे, त्या घरात काय होणार?

एका संध्याकाळी मी अंगणातले कपडे काढत होते. आत दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालूच. कुकसाहेब दोन हातांच्या अंतरावर काकडी किसून उभे. भिंतीपलीकडून जयाबेन ओरडल्या, "गॅस! गॅस!" मी आत धावले. कुकसाहेबांनी शांतपणे मान वर केली. "काय झालं?" आणि त्यांच्या हातात लायटर होता! तवा तापवायला दुसरी शेगडी पेटवणार होते. मी तो हिसकावून अंगणात भिरकावला. बटण कोणत्या बाजूला फिरवायचं तेच मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाला न सांगता, मी सिलिंडरचा रेग्युलेटरच काढला आणि पर्समध्ये टाकून ऑफिसला गेले. अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. चष्मा काढायला पर्स उपडी केली आणि रेग्युलेटर साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठण्णकन पडला. साहेबांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हे कोणत्या योजनेतलं?"

धोडीभाऊच धावून आले. "साहेब, माझा आहे. दुरुस्तीला न्यायचाय." चहाच्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं आणि फाइलींमागे तोंड लपवून रडले.

संध्याकाळी घरी पोचले तर अंगणात तीन विटा, मध्ये काटक्या, त्यावर तवा आणि तव्यावर वरवंटा! डोळ्यांत धूर गेलेले कुकसाहेब म्हणाले, "जहाजावर काहीही बंद पडो, जेवण वेळेवर लागतं." रेग्युलेटरबद्दल चकार शब्द नाही. रात्री दूध तापवायला मी तो गुपचूप परत लावला.

दुसऱ्या सकाळी मी चप्पल घालत होते तर मागून हाक आली. डब्याबरोबर त्यांनी रेग्युलेटर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"घे, विसरलीस."

*

हा किस्सा जयाबेनना माहीत नाही. त्यांना मराठी बोलता येतं, वाचायचा कंटाळा आहे, म्हणून लिहिते. तुम्हीही सांगू नका!

जयाबेन शाकाहारी. लसूण-कांदा चालतो, बाकी काही नाही. त्यांच्यासाठी नुसत्या पनीरचं सँडविच, वेगळ्या तव्यावर. दोन्ही तवे एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, सख्खे भाऊ. ओळखायला जयाबेनच्या तव्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता. तो कधीच जळून गेला. पण कुकसाहेब तवा नाकाजवळ नेऊन ओळखायचे, त्यामुळे नवा दोरा बांधायची गरज पडली नव्हती.

त्या मंगळवारी मी रेग्युलेटर लावून दिला आणि कपडे बदलून आत आले तर जयाबेनचं सँडविच तयार, ताटलीत ठेवलेलं. कुकसाहेब ते घेऊन ओट्याकडे निघालेले. मी सहज तव्याकडे वाकले आणि मला वास आला. चिकनचा तवा!

ओरडावं तर जयाबेनना कळणार. गप्प बसावं तर त्या खाणार. कुकसाहेबांनी ताटली पुढे केलेली, जयाबेनचा हात पुढे आलेला, आणि मी धावत जाऊन दोघांच्या मध्ये सरळ पडले! म्हणजे खरंच पडले. गुडघा फुटला. सँडविच अंगणात गेलं आणि गल्लीतला कुत्रा ते घेऊन पसार झाला.

"हाय हाय, मंदाबेन! वाग्युं तो नथी ने? लागलं काय?" जयाबेननी मला उठवलं. "सँडविचचं काय एवढं, दुसरा बनेल!"

कुकसाहेब माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून आत शेगडीवरच्या तव्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. दुसरं सँडविच मी केलं. ते तोवर कानस शोधून जयाबेनच्या तव्याच्या दांड्यावर खूण घासत बसले होते. खाच पडली तरी घासतच राहिले, शेवटी मी हातातून कानस काढून घेतली.

*

डॉक्टर म्हणाले, नाकाला व्यायाम द्या. रोज सकाळ-संध्याकाळ चार वस्तूंचा वास घ्यायचा, डोळे मिटून, मन लावून. परत येईल का? "येतो पुष्कळांचा. कधी येईल ते सांगता येत नाही." माझ्यासारखीला असं उत्तर दिल्यावर मी झोपणार कशी?

लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, ऋतूलाही कळलं होतं. मग काय, रोज संध्याकाळी ओट्यावर परीक्षा! कुकसाहेब डोळ्यांवर पंचा बांधून बसायचे. ऋतू एकेक वाटी समोर धरायची. लिंबू, लवंग, लसूण, ओव्याचं पान.

"लवंग!" कुकसाहेब म्हणायचे. बरोबर! "लिंबू!" बरोबर! चारात चार! मला वाटलं, सुटलो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, लवंगेला ऋतू एकदा खोकते आणि लिंबाला दोनदा.

"मम्मी, त्यांचा चेहरा बघवत नाही गं," ती म्हणाली. बापलेकीने मिळून मला फसवलं होतं, आणि मला रागावताही येईना.

हे धोडीभाऊंना कळलं तेव्हा ते झरीहून कागदाच्या पुडीत मोहाची सुकी फुलं घेऊन आले. "लवंग-बिवंग सोडा मॅडम. हा वास आमच्या पाड्यावर अर्ध्या रस्त्यावरून येतो. हा नाही आला तर बघू." त्यांनी ऋतूला लांब बसवलं, खोकायला बंदी! मूठभर फुलं कुकसाहेबांच्या हातात दिली. वास इतका घमघमला की जयाबेननी साडीचा पदर नाकाला लावला.

कुकसाहेबांनी ओंजळ नाकाशी नेली. एकदा, दोनदा, तीनदा. मग बोटांनी हळूच चाचपून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बेदाणे!"

धोडीभाऊंनी फुलं परत पुडीत बांधली आणि म्हणाले, "हां, बेदाणेच."

*

फोन आला तो सोमवारी. जहाजाच्या एजन्सीचा. नवीन कॉन्ट्रॅक्ट, चांगलं जहाज, पुढच्या आठवड्यात मुंबईला कुकिंग ट्रायल. त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं, ते तुमचं ग्रीक सँडविच करून दाखवा, अधिकाऱ्यांना आवडतं.

ऋतू वही घेऊन बसली. "पप्पा, सगळं मापाने करू. लिंबाचा रस किती चमचे, मीठ किती, चिकन किती मिनिटं. तुम्हाला वास यायची गरजच नाही!" दोन दिवसांत तिने तीन पानं भरली. इतक्या वर्षांच्या सवयीने हातही चुकत नव्हता. सँडविच पुन्हा पूर्वीसारखं लागायला लागलं. मी म्हटलं, "अहो, जमेल. ट्रायल तुम्ही सहज पास व्हाल."

"पास होईन गं," ते म्हणाले. "पण पुढे? जहाजावर पंचवीस माणसं माझ्या हातचं जेवतात. भर समुद्रात फ्रीजर बिघडला, चिकनला वास लागला, तर मला कळणार नाही. मी ते मापाने लिंबू लावून, वरवंटा ठेवून, त्यांना वाढीन."

मी आयुष्यभर कुलपाची, गॅसची, दुधाची काळजी केली, ही काळजी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"शनिवारी सकाळी फोन करून नाही म्हणतो," ते म्हणाले. "आणि नंतरही नाही म्हणतो. आता दुसरं काहीतरी बघू." ऋतूची वही त्यांनी नीट मिटून फ्रिजवर ठेवली. सत्तावीस वर्षं तव्यासमोर उभा राहिलेला माणूस, आणि त्याला दुसरं काय येतं हे मला आठवेना. मला खूप वाईट वाटलं.

*

शुक्रवार. साडेसहाला मी आले, बरोबर धोडीभाऊ, शेतातल्या काकड्यांची पिशवी घेऊन. ओट्यावर झोपाळ्यावर जयाबेन, आणि त्यांच्या शेजारी कुकसाहेब. रस्त्याकडे तोंड, मांडीवर मोबाइल. स्वयंपाकघर थंड.

तापाचे दिवस सोडले तर, लग्नानंतर पहिल्यांदाच ते घरी असताना शुक्रवारी सँडविचची काहीच तयारी नव्हती.

"मम्मी, तू कर ना," ऋतू हळूच म्हणाली.

मी पर्समधून रेग्युलेटर काढला, लावला. ते सँडविच मी कधी केलं नव्हतं. पाहिलं मात्र शंभरदा होतं. चिकन चिरलं, लिंबू पिळलं, लसूण ठेचला. धोडीभाऊ उंबऱ्यात बसून काकडी सोलत होते. खाचेचा तवा बाजूला ठेवला, दुसरा चढवला. मग कुंडीतून ओव्याची पानं आणायला मागच्या दारी गेले. डोक्यात उद्याचा फोन. ते काय बोलतील, समोरचा काय म्हणेल, फोन ठेवल्यावर ते कुठे बसतील. किती पानं खुडली ते मला कळलंच नाही. सुरी चालवली आणि सगळा ढीग तापलेल्या तव्यावर, चिकनवर टाकला. चर्र झालं.

बाहेरून आवाज आला.

"मंदा!"

मी दचकले. वाटलं, फोन आला.

"ओवा घालतेस की काढा करतेस? एका सँडविचला अर्धं पान म्हणून किती वेळा सांगितलं! कोणाचं पोट बिघडलंय इथे?"

झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. धोडीभाऊंच्या हातातली काकडी तशीच राहिली. ऋतू माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग मी हातातलं उलथणं घेऊनच दाराशी आले. कुकसाहेब अजून रस्त्याकडेच तोंड करून बसलेले होते. पाठ ताठ, हात नाकाशी. आत तव्यावर चिकन करपत होतं, गॅस मोठा होता, आणि कोणीही बंद करायला उठलं नाही. मीसुद्धा नाही.

"अहो," मी म्हटलं, "परत म्हणा!"